अर्ध्या दाढीचा सत्कार

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात माझी एक गोष्ट सांगतात. शेजारच्या बाईला नवऱ्याने मारलं, तेव्हा गुरुजी अर्धी दाढी तशीच सोडून, अनवाणी एस.टी.मागे धावले, तिला पोलीस ठाण्यात घेऊन गेले आणि तक्रार नोंदवल्याशिवाय उठले नाहीत. या गोष्टीबद्दल तालुक्याला माझा सत्कार झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला. एक वक्ता माझ्या अनवाणी पायांवर बराच वेळ बोलला. मी पाय हळूच खुर्चीखाली घेतले.

यातली दाढी खरी आहे, पायही खरे आहेत. बाकीचं दुरुस्त करायला हवं, आणि माझ्या वयात दुरुस्त्या पुढे ढकलता येत नाहीत.

ते कापसाचे वाईट दिवस होते. गावात काहीही बिघडलं की दोष कापसाचा. पोरगं नापास झालं, कापूस. जावई रुसला, कापूस. शेजारच्या घरातून भांडी आपटल्याचा आणि मग बाईच्या ओरडण्याचा आवाज आला की आम्ही ओट्यावर बसलेली माणसं म्हणायचो, "काय करन बिचारा, भावच नाही." बिचारा हा शब्द आम्ही त्याच्यासाठी वापरत होतो, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

मी नुकताच शाळेतून निवृत्त झालो होतो. आमचं घराणं मूळ यवतमाळचं, सगळे कचेरीत नोकरी केलेले. फाइल नीट लावणे हाच आमच्याकडचा पराक्रम. त्यामुळे गावात तंटामुक्तीची समिती निघाली तेव्हा अध्यक्ष म्हणून माझं नाव पुढे आलं. तंटे गावातच मिटवायचे, पोलिसांपर्यंत जाऊ द्यायचे नाहीत आणि मिटवलेल्या तंट्यांचे गुण मिळवायचे. गुण भरले की गावाला बक्षीस.

अडचण अशी निघाली की गावात मिटवण्याजोगा तंटाच नव्हता. धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, भांडणं होती, पण ती आजोबांपासून कोर्टात चाललेली, आणि दोन्हीकडच्यांना ती मिटायला नको होती. तारखेच्या निमित्ताने दोघंही तालुक्याला जायचे, एकाच हॉटेलात भजी खायचे आणि एकाच गाडीने परत यायचे. आम्ही मध्ये पडलो तेव्हा त्यातला एक म्हणाला, "गुरुजी, आमचं बरं चाललं हाये, तुमी कायले भांडण लावून राह्यले?"

उरलं शेजारचं घर. तिथे तंटा नियमित होता. तो मारायचा, ती आमच्या ओट्यापाशी यायची, म्हणायची, "मले ठाण्यात जाचं हाये, लिवून घ्या म्हणाव." आम्ही म्हणायचो, ठाणं कशाला, समिती आहे ना. मग दोघांना ग्रामपंचायतीत बोलवायचो. नवरा मान खाली घालून उभा राहायचा, त्या कामात तो चांगला तयार झाला होता. सरपंच दोघांना समजावायचे. त्याला कमी, तिला जास्त. मग दोघांनी एकमेकांना हार घालायचे, नारळ फोडायचा आणि समितीसह फोटो. फोटोसाठी आम्ही सगळे केस विंचरून यायचो. तिच्या केसांकडे कोणी पाहत नसे. मी फाइलमध्ये लिहायचो, 'उभय पक्षांचे समाधान झाले.'

हे इतक्यांदा झालं की राळेगावचा हारवाला मला पाहून म्हणाला, "त्याच जोडप्याले ना, गुरुजी? मंग माप माहीत हाये."

आमची ही समितीला चहा द्यायची. एकदा कपबशा ठेवताना म्हणाली, "आज कोणाचं लगीन लावून राह्यले?" पोलीस पाटील हसले. आम्ही सगळेच हसलो. सगळे गेल्यावर तिने विचारलं, "तिचं समाधान झालं, हे तुमाले कोणं सांगतलं?"

"तसं लिहावं लागतं."

"मंग दोन्ही पक्षांचं तुमीच लिवता. तिले कायले बोलावता, उन्हातान्हाचं?"

शिक्षकाला उत्तर येत नसलं की तो खडू शोधतो; मी चष्मा शोधला.

मूल्यमापनाची तारीख जवळ आली तेव्हा आम्ही गुणांचा अंदाज घेतला. थोडे कमी पडत होते. सरपंच म्हणाले, "अजून एखादा तंटा असता तं बरं झालं असतं." ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाने मान वळवून शेजारच्या घराकडे पाहिलं. मीही पाहिलं. ही गोष्ट माझ्या सत्काराच्या भाषणात आली नाही.

आम्ही वाट पाहिली आणि आमच्या मनासारखं झालं. तपासणीच्या आदल्या दिवशी त्याने तिला लाकडाने मारलं. कापूस वेचायचा हंगाम, आणि लागलं नेमकं उजव्या मनगटाला. संध्याकाळी ती ओट्यापाशी आली. मी म्हणालो, "उद्या साहेब लोक येतात, त्यांच्यासमोरच समेट करू. छान होईल." छान हा शब्द मी वापरला. ती काही न बोलता गेली. मी ते संमती समजलो आणि दोन हार सांगून ठेवले.

सकाळी कमान उभी होती, रांगोळी पडली होती. मी आरशासमोर बसून अर्धी दाढी केली होती, तेवढ्यात ही दारातून म्हणाली, "तुमचा उभय पक्ष फाट्यावर उभा हाये. हात फडक्यानं गळ्यात बांधून. राळेगावची गाडी यायची हाये."

मी उठलो तो धावतच सुटलो. चप्पल घातली नाही. तिला न्यायला नव्हे, थांबवायला. साहेब येणार त्याच दिवशी गावातून तक्रार गेली असती, तर सगळी फाइल पाण्यात गेली असती. माझ्या डोक्यात तिचं मनगट नव्हतं, माझी फाइल होती.

मी पोचलो तेव्हा ती गाडीत चढली होती. मी मागोमाग चढलो, तिला उतरवण्यासाठी. "खाली उतर, बाई. आजचा दिवस थांब." ती खिडकीशी बसून राहिली. मी बोलत राहिलो आणि कंडक्टरने घंटी मारली. गाडी चालू झाली, मला बसावंच लागलं. माझ्या अंगावर बनियन, गळ्यात टॉवेल, खिसा नाहीच. कंडक्टर उभा राहिला.

"दोन द्या," ती म्हणाली. "गुरुजीचं अर्ध. अर्ध्याच दाढीचे हायेत."

गाडीतली माणसं हसली. तीही थोडी हसली. ती हसते हे मला माहीत नव्हतं. फोटोंमध्ये तसं दिसत नसे.

वाटेत मी सगळे मुद्दे मांडले. गावाचं नाव, लेकरांचं भविष्य, त्याच्या डोक्यावरचा ताण. शेवटी म्हणालो, "भाव पडला की माणूस बिघडतो, बाई."

"गुरुजी, भाव चांगला होता तवाबी मारतच होता. तवा पायात नवी चप्पल राहे, एवढाच फरक."

ठाण्याशी उतरून मी तिच्या मागे आत गेलो. कारण आत हवालदाराला सांगून प्रकरण समितीकडे वळवता येईल, ही आशा मला होती. तो माझा विद्यार्थी नव्हता, पण त्याचा मेहुणा माझ्या हाताखाली शिकला होता.

हवालदाराने आधी तिच्याकडे पाहिलं आणि नेहमीचं सुरू केलं, "बाई, तुमच्या गावात समिती हाये, तिथी जा, इथी काहून आल्या?" मग त्याची नजर माझ्यावर गेली. साबण वाळलेला एक गाल, बनियन, धुळीने भरलेले पाय. तो उभा राहिला.

"गुरुजी? असे? म्हणजे लयच गंभीर दिसते." त्याने मला खुर्ची दिली, तिलाही दिली. तिचा हात पाहिला आणि मान हलवली. "कागद घ्या रे," तो आत ओरडला. मग मला विचारलं, "तुमी घेऊन आले ना इले? समितीकून?"

ती माझ्याकडे पाहत होती. विनवणी वगैरे काही नाही. गाडी येते की नाही हे पाहावं तशी.

मी "हो" म्हणालो. यात धैर्य नव्हतं. 'नाही' म्हटलं असतं तर मग बरंच बोलावं लागलं असतं, आणि त्या अवतारात बोलण्यासारखं काही नव्हतं.

तक्रार लिहिली गेली. तिला दवाखान्यात पाठवलं. गावात साहेब लोक आले, मांडवात दोन हार टांगलेले आणि नवरा एकटाच पुढच्या रांगेत बसलेला. बक्षीस गेलं. संध्याकाळी पोलीस त्याला न्यायला आले तेव्हा तो सगळ्यात जास्त माझ्यावर चिडला होता. "गुरुजी, म्या तुमाले एवढ्या केसी देल्या," तो म्हणाला, "आन तुमी मलेच धरून देलं?" त्याच्या जागी त्याचं बरोबर होतं. आमच्याइतकी मदत त्याला दुसऱ्या कोणी केली नव्हती.

काही महिने गावात माझ्याशी कोणी धड बोललं नाही. मग तालुक्यात सत्कार झाला, पेपरात फोटो आला, आणि गाव म्हणायला लागलं की गुरुजी आमचेच. सरपंच स्वतः ती धावण्याची गोष्ट सांगू लागले. दर वेळी मी थोडा जास्त लांबून धावत यायचो. शाल हिने तुरीच्या डाळीच्या कोठीवर घातली. "तुमी तिले आडवाले गेलते," ती म्हणाली. "मले काय माहीत नाही?"

त्या बाईचा नवरा सुटल्यावर भावाच्या गावी राहायला गेला. मधूनमधून यायचा, पण अंगणातून बोलून जायचा. तिचं मनगट थोडं वाकडं जुळलं. त्याच हाताने ती अजून वेचते.

मी सत्कारानंतर खरं सांगायला निघालो होतो. आधी तिची परवानगी घ्यावी म्हणून तिच्याकडे गेलो. ती सरकी निवडत बसली होती.

"आता नोका सांगू," ती म्हणाली. "परवा वरच्या आळीतली गेलती. ठाण्यात सांगतलं, गुरुजीनं पाठवलं. लगेच लिवून घेतलं. तुमी सांगान का मी आडवाले गेलतो, तं उद्या तिले परत पाठवतीन."

तेव्हा मला कळलं की सकाळच्या गाडीला बायका का दिसू लागल्या आहेत. कोणाचा ओठ सुजलेला, कोणाच्या डोळ्याखाली काळं, काही ठणठणीत, नुसत्या सोबतीला. त्यात एक आमच्या समितीतल्याच्या घरची होती. मी कोणालाही पाठवलं नव्हतं. मी ओट्यावर बसून नमस्कार घेत होतो.

म्हणून गप्प राहिलो, आणि गप्प राहणं मला जड गेलं नाही, हेही लिहून ठेवतो. शाल ऊबदार होती.

इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात मी पुन्हा तिच्याकडे गेलो, काठी टेकत. तिची सूनही तिथे होती. विचारलं, आता लिहू का?

तिने सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, "लिवा ना, आजोबा. आता ठाण्यात कोणी तुमचं नाव सांगत नाही. आमी आमचंच सांगतो."

म्हातारी सरकी निवडत राहिली. मग म्हणाली, "लिवा. पण तिकीट म्या काढलं होतं, ते राहू देऊ नोका."