दोन बोटं उघडी खिडकी

बातमी आली तेव्हा मी आईंच्याच खोलीत होते. आई म्हणजे माझ्या सासूबाई. नेदरलँड्समधल्या न्यूनेनच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावरच्या या खोलीत त्या दीड वर्ष राहिल्या होत्या. माझी कोविडची टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून माझ्या नवऱ्यानं, प्रशांतनं, मला तिथं वेगळं ठेवलं होतं. दार बंद, ताट उंबऱ्यापाशी. त्या सकाळी ताट ठेवल्याचा आवाज आला, पण पावलं परत गेली नाहीत. "सुजाता," तो दारापलीकडून म्हणाला, "आई गेली..." अमरावतीला धाकटे दीर चहा घेऊन उठवायला गेले, तर त्या उठल्याच नाहीत. मी दाराला तळहात लावून उभी राहिले. ज्याची आई गेली त्याला जवळ घेता येऊ नये, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. जाणं शक्यच नव्हतं. अंत्यविधी आम्ही एकाच घरात दोन फोनवर पाहिला. त्रिशरण सुरू झालं तेव्हा पलीकडून त्याचा आवाज आला, अलीकडून माझा.

आता सहा आठवडे झालेत. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, दुसऱ्याच्या कामात चूक शोधणं हा माझा पेशा, आणि तो मी घरीही आणते असं प्रशांत म्हणतो. आज स्वतःची एक चूक लिहून काढते आहे, कारण तिच्याशिवाय आई मला कळल्याच नसत्या.

त्या आल्या होत्या तीन महिन्यांसाठी, नातीला, आमच्या यशूला बघायला. मग विमानं बंद झाली. दर्यापूरजवळच्या गावात तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई, घरामागे जन्मभर कोंबड्या पाळलेली, आणि आता तिच्या वाट्याला एक खोली आणि एक खिडकी. त्यांना दमा होता. टीव्हीवर रोज जे दिसायचं त्यानं मी धास्तावले होते. बाहेर जायचं नाही, दुकानात यायचं नाही, प्रशांत शिंकला तर त्यांचं ताट वर खोलीतच जाईल, असे नियम मी घालून दिले. थंडी सुरू होताच फटी बुजवायच्या फोमच्या पट्टीचा मोठा रोल आणला आणि त्यांच्या खिडकीच्या चारही कडा चिकटवून टाकल्या. "आता वाऱ्याची झुळूकसुद्धा यायची नाही," मी ऐटीत म्हणाले. "हाव," त्या म्हणाल्या. हा वऱ्हाडी 'हो' मी मनापासूनचा होकार समजत राहिले. यशू त्यांच्याशी डचमध्ये बोलायची, त्या तिच्याशी वऱ्हाडीत, आणि दोघींचं छान जमायचं. सून-सासूची भाषा एकच होती, तरी आमचं तेवढं नव्हतं.

त्या खिडकीतून शेजारच्या रीटची मागची बाग दिसे. रीट ऐंशीची, एकटी, पाच तपकिरी कोंबड्यांची मालकीण. शरद ऋतूत ती घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि तिला वृद्धांच्या शुश्रूषागृहात न्यावं लागलं. तिथं आत जायला बंदी; भेट काचेपलीकडून. तिचा मुलगा कोंबड्या कुणाला तरी देऊन टाकायला आला, तेव्हा आई प्रथमच माझा नियम मोडून खाली उतरल्या. अंगावर प्रशांतचं जाकीट, साडी घोट्याच्या वर, मोज्यांवर चपला. कुंपणापाशी उभ्या राहून त्या मुलाला म्हणाल्या, "राहू दे बाप्पा. मी पाह्यतो." मग पंजा उघडून पाच बोटं दाखवली, कोंबड्यांकडे हात केला आणि शेवटी रीटच्या बंद दाराकडे बोट दाखवलं. म्हणजे ती येईल तेव्हा पाचच्या पाच परत. त्याला एक शब्द कळला नसेल, पण त्यानं बागेच्या दाराची किल्ली आईंच्या हातावर ठेवली. मी मागे उभी राहून भाषांतराची तयारी करत होते, ती राहिलीच.

त्यानंतर घरात माझे नियम आणि बागेत त्यांचे, अशी वाटणी झाली. सकाळी पाणी गोठलेलं असे, म्हणून त्या कोमट पाण्याचा तांब्या घेऊन जायच्या. खुराड्यातला पेंढा बदलायच्या, जुना पेंढा रीटच्या भाजीच्या वाफ्यात नीट पसरायच्या. बर्ड फ्लूची साथ आली आणि सरकारनं घरच्या कोंबड्याही जाळीखाली झाकून ठेवायला सांगितलं, तेव्हा कपाळावर हात मारून म्हणाल्या, "माय वो, आता ह्यायलेबी लॉकडाऊन!" एकदा कडक हिमानंतर त्यांनी वाफ्यातल्या बूरनकोलचं, म्हणजे इथल्या त्या कुरळ्या पानकोबीचं, पान तोडून तसंच चावलं. आदल्या आठवड्यात कडू लागलेलं पान गोड झालं होतं. "थंडीनं गोड झालं वं," म्हणत त्या कितीतरी वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. मी खालच्या खिडकीशी बसून मीटिंगमध्ये होते. हात हलवला आणि काच लावून घेतली.

मग फेब्रुवारीत ती थंडी आली. बर्फाचं वादळ, उणे दहाच्या खाली पारा, कालव्यांवर लोक स्केटिंग करायला लागले. मला एकच दिसत होतं: रीटच्या पाच कोंबड्या मरणार, आणि सासूबाईंचा शब्द जाणार. मी पट्टीचा उरलेला रोल काढला. खुराड्याच्या छपराखाली हवेसाठी ठेवलेली भोकं होती, ती सगळी बुजवली, वरून चिकटपट्टी मारली, बाहेरून आईंची जुनी गोधडी गुंडाळली. त्या म्हणाल्या, "भोकं काऊन बुजवतं? कोणी ठेवली असतीन तर काही इचार करूनच ठेवली असतीन." मी म्हणाले, "आई, तुम्हाला उणे दहा माहीत नाही." म्हणाले खरी. वास्तविक मला तरी कुठं माहीत होतं? पुण्यात आम्ही दहा अंशांना कानटोपी घालतो.

सकाळी त्यांनी खुराडं उघडलं आणि मला हाक मारली. आत हात घातला तर लाकूड ओलंचिंब. भिंतीवरचे थेंब गोठून खडे झाले होते. पेंढा दमट, वास नाकात झोंबणारा. सगळ्यात थोराड कोंबडी कोपऱ्यात अंग चोरून बसली होती, तिच्या तुऱ्याची टोकं काळी पडलेली. मला वाटलं, थंडी आत शिरलीच. आई वाकल्या, त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं, हुंगलं आणि म्हणाल्या, "हे थंडीनं नाही झालं. हा या कोंबड्यायचाच श्वास हाय. बाहेर जाऊ देल्ला नाही तू, तो यायच्याच अंगावर गोठला." आणि बोलता बोलता गोठलेल्या बोटांनी माझी पट्टी सोलायला लागल्या. "कांदा पोत्यात कोंबला का सडते, पसरून ठेवला का टिकते. जीवाचं काही वेगळं हाय काय?" मी नंतर इंटरनेटवर शोधलं. थंड देशात कोंबड्या पाळणारे हेच सांगतात: पिसांमुळे त्यांना थंडी सोसते, ओल सोसत नाही, वरून हवा जायलाच हवी. वऱ्हाडच्या उन्हात पन्नास वर्षं काढलेल्या बाईनं ते ओल्या लाकडावरून एक बोट फिरवून ओळखलं होतं. मी थक्क झाले. अजूनही आहे.

भोकं मोकळी झाली. कोरडा पेंढा घातला. ती कोंबडी टोपलीत घालून आम्ही स्वयंपाकघरात आणली, आईंनी तिच्या तुऱ्याला व्हॅसलीन लावलं आणि टोपली मांडीवर घेऊन बसल्या. तेव्हा, माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "सुजाता, माह्या खिडकीचीबी पट्टी काढतं काय आता?"

एकाच रोलची होती ती. अर्धी तिथं, अर्धी इथं. वर जाऊन पाहिलं तर काचेवर आतून पाणी ओघळलेलं, चौकटीच्या कोपऱ्यात बुरशीचा काळा डाग, आणि खाली घडी करून ठेवलेलं एक फडकं. रोज सकाळी, मी कामाला बसायच्या आत, त्या ती ओल पुसून घेत होत्या. दम्याच्या बाईला ओलीत आणि बुरशीत कोंडून मी दम्यापासून वाचवत होते! मला शरम वाटली. नखांनी पट्टी ओरबाडून काढली. त्यांनी मागून येऊन खिडकी जरा ढकलली, फटीत दोन बोटं घालून माप घेतलं आणि म्हणाल्या, "बस, एवढी पुरते." गार वारा आत आला. त्यांनी डोळे मिटून छाती भरून श्वास घेतला, आणि मी इतके महिने काय हिरावून घेतलं होतं ते मला समोर उभं राहून बघावं लागलं.

कोंबडी जगली. तुऱ्याची टोकं गळून पडली, बाकी ठणठणीत. आठवड्याभरानं आई तिला टोपलीत घालून शुश्रूषागृहाच्या बागेत घेऊन गेल्या. रीट काचेपलीकडे चाकाच्या खुर्चीत होती. आईंनी कोंबडी काखेत धरून काचेला लावली आणि दुसऱ्या हाताची पाच बोटं वर केली. रीटनं आतून त्या बोटांवर आपला पंजा ठेवला. दोघींमध्ये काच, एकीची भाषा दुसरीला येत नाही, आणि मध्ये ती कोंबडी काचेवर चोच आपटते आहे... मला दोन्ही भाषा येतात, आणि मी मागे रिकामी टोपली धरून उभी होते.

वसंतात रीट वॉकर घेऊन घरी आली. कोंबड्या मोजल्या. पाच. उन्हाळ्यात आई परत गेल्या. विमानतळावर मी वाकून पाया पडले तर त्यांनी मला उठवून डोळे मोठे केले: "त्या रीटबाईले एकटी पडू देऊ नोको." बाकी काही नाही.

मला वेगळं ठेवलं त्या आठवड्यात मी पहिल्यांदा त्यांच्या पलंगावरून ती खिडकी पाहिली. चौकटीभोवती पट्टीच्या गोंदाची काळपट रेघ अजून आहे. परवा प्रशांत खरवडायचं पातं आणि साबणाचं पाणी घेऊन आला. मी म्हटलं, राहू दे. ती माझी रेघ आहे. त्यानं खिडकीच्या फटीत दोन बोटं घालून पाहिली आणि पातं घेऊन खाली गेला. बाहेर पारा शून्याखाली आहे. रीटच्या बागेत तुरा तुटलेली कोंबडी ओरडते आहे, आणि ते इथं आत ऐकू येतं.