चिमणाबाईची मांडी

कसबा बावड्यातल्या चिमणाबाईचं तोंड सुटलं की अख्खी गल्ली चिडीचूप. सुनेची, संयोगिताची, तर पुढं बोलायची टापच नव्हती. पण खरा छळ मांडला होता तो आठ वर्षांच्या नातीचा, राजनंदिनीचा. कारण काय, तर पोरीची चड्डी सदा ओली.

"घोडी झाली तरी मुतती! आळशी भवानी!"

पोर चारचौघींसारखी वेळेवर लघवीला जायची, तरी दिवसभर थेंब थेंब गळतच राहायचं. संयोगितानं हे सांगून बघितलं. "तू गप गं," एवढंच उत्तर. दिवस कलला की पोरीचं पाणी बंद. मांडीवर घ्यायचं तर नावच नको, वास मारतो म्हणून. एकदा ओली चड्डी तिच्याच डोक्यावर ठेवून तिला गल्लीत उभी केली. बायका हसल्या. काय म्हणावं असल्या आजीला!

पोर तापानं फणफणली, तेव्हा कुठं संयोगितानं तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. चिमणाबाई होतीच मागोमाग. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. एका मूत्रपिंडाला दोन नळ्या, त्यातली एक मूत्राशयात न जाता भलतीकडंच खाली उघडलेली. जन्मापासून. ती जागेवर आणायला यंत्रमानवाच्या मदतीनं शस्त्रक्रिया करायची, असं त्या म्हणाल्या.

"हिनं कितीही ठरवलं असतं तरी थांबलं नसतं, आजी."

पण चिमणाबाईचं तोंड कुठलं गप बसतंय!

"आणि आता यंत्र कापणार व्हय माझ्या नातीला?"

"यंत्र आपल्या मनानं काही करत नाही. त्याचे हात मीच चालवणार. भोकं अगदी बारीक."

तशीच बारीक भोकं पाडून चुकलेली नळी शेजारच्या चांगल्या नळीला जोडली. पोर घरी आली ती ठणठणीत कोरडी.

चिमणाबाईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग पायरीवर बसून मांडी थोपटली. "ये गं माझ्या वाघिणी. ये."

पोर उभीच.

"आज्जे, थांबलं नसतं, तर घेतलं असतंस मांडीवर?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण पोर डोळ्यांत डोळे घालून बघत होती, आणि चिमणाबाईला जन्मात पहिल्यांदा स्वतःची शरम वाटली.

"न्हाय," ती म्हणाली.

"म्हाईत हाय मला," पोर म्हणाली आणि तिला वळसा घालून आत आईकडं गेली.