कबूतर छाप ज्वारी

संघर्षने वीस किलो ज्वारीचं पोतं खांद्यावरून स्वयंपाकघरात उतरवलं, तेव्हा त्याची छाती अशी फुगली होती की पाहणाऱ्याला वाटावं, गड्यानं सगळं यॉर्कशर एकट्यानं सर केलंय. शुक्रवारी आणि रविवारी तो पार्सलं पोचवायची गाडी चालवायचा. त्या शुक्रवारी लीड्सच्या बाहेर, शेतीचं सामान विकणाऱ्या एका दुकानात पार्सल द्यायला गेला आणि कुदळी-फावड्यांच्या शेजारी त्याला हे पोतं दिसलं. पारदर्शक प्लास्टिकमधून टपोरे पांढरे दाणे चमकत होते. संघर्ष मंगळवेढ्याचा. मंगळवेढ्याच्या माणसाला ज्वारी ओळखायला पाटी वाचावी लागत नाही. किंमत तेवीस पौंड, म्हणजे पिठाच्या पिशव्यांच्या निम्मी. पोत्यावर कबुतराचं चित्र होतं, तेही त्यानं पाहिलं. पण ज्याच्या घरी घोडा छाप काडेपेटी आणि उंट छाप शाई आली, त्याला कबूतर छाप ज्वारीत काय वावगं वाटणार?

दुकानदारानं पैसे घेताना विचारलंही होतं, बरीच आहेत वाटतं तुझ्याकडे? संघर्षनं अभिमानानं सांगितलं, चौघं. दुकानदार पोत्याकडे बघत राहिला, तेव्हा यानं वर खुलासा केला की त्यातले दोघे लहान आहेत, फार खात नाहीत.

मिक्सरमध्ये पहिली मूठ फिरत असताना सहा वर्षांचा सम्यक पोत्यापाशी बसून मोठ्यानं वाचायला लागला. मग थांबला आणि त्यानं आपल्या लीड्सच्या मराठीत विचारलं.

"बाबा, हा कबूतर आपला खाऊ खातो की आपण त्याचा?"

दीक्षा हॉस्पिटलात नर्स. बारीक अक्षरं वाचल्याशिवाय ती खोकल्याचं औषधसुद्धा उघडत नाही. तिनं पोतं उलटं केलं, खालची ओळ वाचली, मिक्सरचं बटण बंद केलं आणि तिथंच फरशीवर बसून हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. माणसांनी खाऊ नये असं त्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं. पोतं फोडलेलं, त्यामुळे परतही जाणार नव्हतं. हसून झाल्यावर तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, आणि ते पाहणं संघर्षला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

कारण पैज नुकतीच लागली होती. सोमवार ते गुरुवार दीक्षाची नेहमीची ड्यूटी. वरून शनिवारी ती जादा शिफ्ट घ्यायची, आणि त्या शनिवारची कमाई जवळजवळ सगळीच्या सगळी तयार खाण्यावर जायची: तयार सॉसच्या बाटल्या, फ्रोझन पराठे, अडीच वर्षांच्या मनालीची फळांच्या लगद्याची पाकिटं, शुक्रवारचा पिझ्झा. शनिवारी सकाळी सम्यकचा पोहण्याचा क्लास असायचा. पोरगं दंडावरचे फुगे काढून पोहायला लागलं होतं आणि आईनं ते एकदाही पाहिलेलं नव्हतं. तेव्हा संघर्षनं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की आठवड्याला ऐंशी पौंडांचं खाणं मी पंचेचाळिसात आणतो, तेही घरचं, ताजं, पोटभर. दीक्षानं चार आठवडे दिले. चौथा आठवडा सरतो त्या शुक्रवारी पुढच्या महिन्याच्या शिफ्टा ठरतात. जमलं तर शनिवार सोडायचा, नाही तर बोलायचं नाही. पहिल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी आपल्या पठ्ठ्यानं निम्मे पैसे कबुतरांना वाहिले होते.

"निदान कबुतरं तरी आण," दीक्षा म्हणाली.

कबुतरं आणायची गरज नव्हती. ती मागच्या कुंपणापलीकडेच होती. शेजारच्या मॉरीनबाई तीस वर्षं बस चालवून रिटायर झालेल्या. नवरा गेला तो शर्यतीच्या कबुतरांची आख्खी खोली मागे ठेवून. संघर्षची त्यांच्याशी ओळख कचऱ्याच्या डब्यापुरती होती: कुठल्या दिवशी कुठला डबा बाहेर काढायचा हे त्यांनी त्याला दोनदा शिकवलं होतं, आणि दोन्ही वेळा 'लव्ह' म्हणून हाक मारली होती. पहिल्यांदा तो इतका गोरामोरा झाला होता की घरी येऊन त्यानं दीक्षाला आधीच सांगून टाकलं. दीक्षा म्हणाली, त्या पोस्टमनलाही तसंच म्हणतात, तू फार फुगू नकोस.

शनिवारी दुपारी त्यानं पोतं कुंपणावर ठेवलं आणि सगळी हकिगत सांगितली. मॉरीनबाईंनी हसू आवरायचा प्रयत्नही केला नाही. पोतं ठेवून घेतलं, पण फुकट घ्यायला तयार होईनात. पैसे द्यायला लागल्या, तर संघर्ष नको म्हणाला; शेजाऱ्याकडून पैसे घ्यायचे म्हणजे मंगळवेढ्यात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. शेवटी त्या म्हणाल्या, चल मग, गाडी काढ.

कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, लोकांना भाजीपाला लावायला जमिनीचे छोटे तुकडे वर्षाच्या भाड्यानं देतं. मॉरीनबाईंचा तुकडा टेकडीच्या उतारावर होता. जूनचं ऊन पडलेलं. बटाटा, बीट, मुळा, मटार, पावटे, सगळं एका ओळीत, बसच्या टाइमटेबलसारखं. संघर्ष पोरांना घेऊन आत शिरला आणि पाचव्या पावलावर थबकला.

बांधावर मॉरीनबाईंनी उपटून फेकलेल्या तणाचा ढीग होता. त्यानं एक रोप उचललं. पान उलटं केलं. पाठीवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढुरका थर. बोटांनी चुरगळून वास घेतला. पुन्हा घेतला. मग मनालीला खाली ठेवून त्यानं दोन्ही हातांनी तो ढीग उपसायला सुरुवात केली.

चाकवत. मंगळवेढ्याच्या बाजारात आजीबाई जुडी बांधून विकतात तो चाकवत. ताकातल्या पातळ भाजीचा, वरून लसणाच्या फोडणीचा चाकवत, लीड्सच्या टेकडीवर कचरा म्हणून पडला होता.

मॉरीनबाईंना वाटलं पोराला ऊन लागलं. समजल्यावर म्हणाल्या, लढाईच्या काळात माझी आजी हे शिजवायची, मी मात्र चाळीस वर्षं नुसतंच उपटतेय. हवं तेवढं ने, उपटायचे कष्ट वाचले. शिवाय बिटाचा पाला त्या फेकायच्या, कोवळा मुळ्याचा पाला फेकायच्या. संघर्ष प्रत्येक पाल्याला नातेवाईक भेटल्यासारखा हाका मारत सुटला. मनाली उपड्या बादलीवर बसून शेंगा फोडत होती आणि मटार खात होती. हीच मनाली, जी पाकिटातून पिळल्याशिवाय काही तोंडात घेत नव्हती.

निघताना मॉरीनबाईंनी आइस्क्रीमचा रिकामा मोठा डबा मटारच्या शेंगांनी भरून दिला.

घरी दीक्षा शिफ्टवरून आली तेव्हा ओट्यावर हिरवा डोंगर होता. तिनं एक पान उचललं.

"काल पाखरांचं. आज तण. उद्या काय, गवत?"

तिनं सरळ लातूरला आपल्या आईला, सिंधुबाईंना, व्हिडिओ कॉल लावला आणि जावयाला पान कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं. पुढचं, मागचं, देठ, शेंडा. जावई परीक्षेला बसल्यासारखा उभा. सिंधुबाईंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "चाकवतच हाय की. डाळ-दाणे भिजत घातले का न्हाई अजून? बघत काय बसलात?"

त्या आठवड्याचे उरलेले बावीस पौंड कसे पुरले ते संघर्षलाच ठाऊक. तांदूळ, तूरडाळ, मूग, कणीक, दूध, कांदे. दही घरी लागलं. मूग फडक्यात बांधून मोड आणले. सम्यक रोज सकाळी शेपूट फुटलं का बघायला धावायचा, आणि स्वतः राखलेल्या मुगाची उसळ त्यानं कुरकुर न करता खाल्ली. बिटाचा पाला डाळीत गेला. मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी झाली. मनालीला मऊ खिचडीत मटार घातले. ती आधी मटार वेचून खायची, मग निरुपायानं खिचडी.

आता प्रश्न आला डब्याचा. आइस्क्रीमचा असला म्हणून काय झालं, डबा तो डबा. लोकांचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो, हे संघर्षच्या रक्तात. त्यानं चार थालीपिठं घालून परत केला. मॉरीनबाईंना हा कायदा माहीत नव्हता. त्यांना वाटलं, पोरानं खाऊ पाठवला, आपण काहीतरी द्यायला हवं. त्यांनी डबा पावट्यांनी भरून दिला. यानं पावट्याची उसळ पाठवली. त्यांनी नवे बटाटे. यानं बटाट्याची सुकी भाजी, त्यांचेच बटाटे त्यांना. तिसऱ्या आठवड्यात त्या कुंपणाला टेकून म्हणाल्या, "हे थांबणार कधी, लव्ह? मला डबा तर परत मिळायला हवा." आणि असं म्हणत पुन्हा भरलेलाच डबा पुढे केला.

त्याच वेळी त्यांनी विचारलं, की ते माझ्या कबुतरांचं धान्य, त्याचं तू नेमकं करणार काय होतास? संघर्षनं हातांनी हवेत भाकरी थापून दाखवली. चुलीचं वर्णन केलं, पापुद्रा कसा सुटतो ते सांगितलं, आणि बोलण्याच्या भरात कबूल करून बसला की माझ्या हातची पहिली न फाटलेली भाकरी तुमची.

कबूल करायला काय जातं. दुकानातून माणसांच्या ज्वारीचं पीठ किलोभर आणलं होतं खरं. पण त्यानं थापलेली प्रत्येक भाकरी कडेनं फाटायची, उचलताना तुटायची, आणि तव्यावर तिचे तुकडे ब्रिटिश बेटांसारखे वेगवेगळे पडायचे. मंगळवेढ्याचा माणूस ज्वारी ओळखतो. थापायची वेळ आली की आईला हाक मारतो. तुकडे चाकवताच्या भाजीत कुस्करून खाल्ले जात होते, तेवढीच इज्जत.

तिसऱ्या शुक्रवारी घोटाळा होता होता राहिला. दिवसभर गाडी चालवून तो आला, दारात पिझ्झ्याचं पत्रक पडलेलं, आणि सम्यक ते छातीशी धरून उभा. दीक्षानं एकदा पत्रकाकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं. संघर्षनं पाच मिनिटं पत्रकाकडे पाहिलं, मग भाजणी भिजवली, थालीपीठ लावलं, त्यावर पातीचा कांदा आणि चीज किसून झाकण ठेवलं. सम्यकनं चारी बाजूंनी तपासून निकाल दिला की "हा पिझ्झा आहे, पण थोडा जळलेली आहे." दोन खाल्ले.

चौथा आठवडा सरला, शुक्रवार आला. संघर्षनं सगळ्या पावत्या इस्त्री केल्यासारख्या सपाट करून टेबलावर मांडल्या होत्या. शाळेत कधी गृहपाठ इतका नीट मांडला नव्हता. दीक्षानं पावत्या पाहिल्याच नाहीत. तिनं फ्रिज उघडला. दह्याचं पातेलं, मोडाचे मूग, चिरून ठेवलेला पाला, मनालीसाठी वाटीत काढलेली खिचडी. दार उघडं ठेवून ती इतका वेळ उभी राहिली की फ्रिज पिंपिं करायला लागला. मग तिनं फोन काढला आणि येणाऱ्या शनिवारपासूनचे सगळे शनिवार एकेक करून पुसले.

"पंचेचाळिसात बसलं की नाही?" संघर्षनं विचारलं.

"कबुतरांचे तेवीस धरून?"

"धरून."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि त्याच्या डोक्यात हलकीच टपली मारली.

शनिवारी पोहण्याच्या तलावाच्या काठी, बाकावर, आई बसलेली सम्यकनं पाहिली. पाहिली म्हणजे पुन्हा पुन्हा पाहिली. मास्तरीणबाईंनी दोनदा सांगितलं, समोर बघ. मग तो निघाला. हात-पाय झाडत, अर्धं पाणी उडवत, फुग्यांशिवाय, या काठापासून त्या काठापर्यंत. दीक्षा रुग्णांच्या नातेवाइकांना रोज धीर देते. तिला तिथं स्वतःलाच धीर देता येईना. संघर्षनं तिच्याकडे मुद्दाम पाहिलं नाही. मनालीनं पाहिलं आणि आपल्या हातातला मटार आईच्या तोंडात घातला.

घरी आल्यावर दीक्षानं बाह्या वर केल्या. पाणी कडकडीत तापव म्हणाली. तू कोमट घेतोस, म्हणून फाटते. महिनाभर फाटत होतं ते एवढ्यानं. पीठ मळून गोळा त्याच्याच हातात दिला, स्वतः नुसती शेजारी उभी राहिली. त्यानं थापली. कड शाबूत. उचलली. तुटली नाही. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आणि ती टम्म फुगली, इतकी की संघर्ष दोन पावलं मागे सरला.

आइस्क्रीमचा डबा धुऊन पुसून खिडकीत तयार होता. मॉरीनबाईंना कबूल केलेली भाकरी गुंडाळायला संघर्ष फडकं शोधायला वळला. पोहून आलेल्या पोराच्या पोटात काय असतं हे त्यानं लक्षात घ्यायला हवं होतं. वळून पाहतो तर पापुद्रा सम्यकच्या तोंडात, खालचा भाग मनालीच्या, आणि मधला तुकडा चाकवतात बुडवून दीक्षा शांतपणे खात होती.

दुसरी भाकरी फाटली. तिसरीही.

कुंपणापलीकडे मॉरीनबाईंनी कबुतरांना दाणे टाकले. पंखांचा आवाज आला. कबूतर छाप ज्वारी निदान त्यांना तरी मानवत होती. संघर्षनं खिडकीतल्या रिकाम्या डब्याकडे पाहिलं, पाणी पुन्हा गॅसवर ठेवलं, आणि मॉरीनबाई अंगणात आहेत तोवर मान खाली घालून राहिला.