मारबतीबरोबर गेलेलं बदक

सासूबाईंनी माझं बदक जाळलं असं मी सांगितलं, की लोक आधी दचकतात. ते खरं बदक नव्हतं, हातात मावणारा बॅटरीचा खेळ होता, हे कळलं की मग हसतात. हसा. ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं. मला मात्र इतक्या वर्षांत त्यात हसण्यासारखं काही सापडलेलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी शहरात सदर भागात टेलिफोनच्या कचेरीत ट्रंक कॉल जोडून द्यायच्या कामावर होते. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, आणि दिवसभर कानात लोकांच्या शिव्या. मुंबईची लाइन लागली नाही, दोष माझा. कलकत्त्याचा माणूस घरी सापडला नाही, दोष माझा. एका संत्र्याच्या व्यापाऱ्याने तर त्याचा माल सडला तो माझ्यामुळे, असं ऐकवलं होतं आणि वर माझ्या बापाचाही उद्धार केला होता. आम्ही उलट बोलायचं नाही, असा नियम. ‘कृपया प्रतीक्षा कीजिए’ म्हणायचं आणि पुढची शिवी ऐकायची.

संध्याकाळी सायकल मारत प्रताप नगरला घरी आले, की दुसरी पाळी. तेव्हा आमच्या बाजूला घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते, त्यामुळे सासूबाईंचा आवाज कोपऱ्यावरूनच ऐकू यायचा. मी फाटकातून सायकल आत घेण्याआधी त्यांचं सुरू झालेलं असायचं. नळ गेला, दूध फाटलं, शेजारणीची सून कशी चार वाजताच भाजी निवडून ठेवते. मला तेव्हा मूल नव्हतं, आणि त्याबद्दल बोलायला सगळ्या गल्लीला सवड होती. माझे यजमान पेपरात डोकं घालून बसायचे. त्या पेपरात रोज असं काय छापून येत होतं, देव जाणे.

अशात माझा धाकटा भाऊ मस्कतहून सुटीवर आला आणि त्याने माझ्या हातात तो खेळ ठेवला. साबणाच्या वडीएवढी निळी डबी, मधे काच, दोन बाजूंना दोन बटणं. काचेत एक बदक. वरून बेडकं पडायची, आणि बदकाला डावी-उजवीकडे पळवून ती त्याच्या पाठीवर झेलायची. एखादा बेडूक पाण्यात पडला तर तो दात काढून हसायचा. फार बेडकं सुटली की बदक पाठीवर पडून पाय वर करायचं आणि ‘पँऽक’ असा आवाज यायचा. संपला खेळ. यात ना डोकं लागत होतं, ना त्यातून काही शिकायला मिळत होतं. बेडकांना दात कुठून आले, हेही मला ठाऊक नाही.

पण त्या बदकाने मला कधी काही विचारलं नाही. त्याला चहा नको होता. ते पडलं तर बटण दाबलं की पुन्हा उभं राहायचं, काल काय झालं ते उकरून काढत नव्हतं. मी घरी आले, पाय धुतले, की आतल्या खोलीत पलंगावर बसून अर्धा तास बेडकं झेलायची. हळूहळू कानातला कचेरीचा आवाज बसायचा, खांदे खाली यायचे. मग मी उठून पदर खोचायची आणि रात्री भांडी घासून होईपर्यंत कोणाशीही बरं बोलू शकायची. तो अर्धा तास गेला तर मी कोणाच्या तरी अंगावर धावून जाईन, हे मला पक्कं ठाऊक होतं.

सासूबाईंच्या डोळ्यात तो अर्धा तास खुपायला लागला.

“लेकरू होऊन नाही राहिलं, अन् स्वतःच लेकरावानी खेळून राहिली,” त्या दारात उभ्या राहून म्हणायच्या. “काहून वं, लाज नाही वाटत तुले?”

“अर्धा तास, आई,” मी मान वर न करता म्हणायची. “मग येतो मी.”

“त्या डबीतून चिवचिव आवाज येते. चांगल्या घरी असे आवाज नाही येत.”

मी यजमानांना म्हटलं, तुम्ही तरी सांगा त्यांना. ते म्हणाले, “आईच्या तोंडी कायले लागतेस? तू थोडा वेळ कमी खेळ.” स्वतः ते संध्याकाळचे कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर गप्पा छाटत उभे असत, ते कोणी कमी करायला सांगितलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात माझं डोकं फार दुखायला लागलं. दिवसभर डोक्यावर हेडफोनची लोखंडी पट्टी दाबलेली असेल तर कोणाचंही दुखेल. पण सासूबाईंनी निदान करून टाकलं. डबीमुळे. तिच्यात काहीतरी आहे, ते सुनेच्या डोक्यात शिरलं, आणि कूसही त्यानेच धरून ठेवली आहे, असं त्या शेजारणीला सांगत होत्या. डबी घरात येऊन चार महिने झाले नव्हते आणि लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती, हा हिशेब त्यांच्या लेखी क्षुल्लक होता.

पोळा आला. आमच्याकडे पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या लावतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मारबतीच्या दिवशी, घरातली इडापिडा त्यांच्याबरोबर बाहेर काढतात. शहरात मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याची, मोठी मिरवणूक निघते. आमच्या गल्लीतली पोरं आपला चिंध्यांचा पुतळा, बडग्या, करून मोकळ्या प्लॉटवर जाळायची. घराघरातून फांद्या, झिजलेला झाडू, आजारी माणसाचं फाटकं कापड, असं काहीबाही त्या ढिगावर जायचं, आणि ज्याला जे घरातून घालवायचं असेल ते तो ओरडून सांगायचा.

मारबतीच्या सकाळी मला सुटी होती. पलंगावरची चादर काढताना उशीखाली हात घातला, तर डबी नाही. मी कपाट पाहिलं, पलंगाखाली पाहिलं. स्वयंपाकघरात गेले.

“आई, माझी डबी कुठे आहे?”

“देल्ली काढून,” त्या पोळी लाटत म्हणाल्या. “झाडूसंगं फडक्यात बांधून देल्ली. इडापिडा होती ते. आता पाहाय तुह्यं डोकं कसं उतरते.”

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मी तशीच अनवाणी प्लॉटवर धावले. ढीग पेटलेला होता. फडक्याची गाठ जळून सुटली होती आणि झाडूच्या काड्यांमध्ये माझं निळं प्लॅस्टिक वितळून ओघळत होतं. बायका बाजूला उभ्या होत्या. कोणी ओरडत होतं, “खोकला-खासी घेऊन जा गे मारबत!” आणि पोरं मागोमाग री ओढत होती, “घेऊन जा गे मारबत!”

मागे वळून पाहिलं, तर सासूबाई फाटकाशी येऊन उभ्या होत्या, लाटणं हातात, चेहऱ्यावर समाधान. सुनेचं भलं केल्याचं समाधान.

मी पोटातून ओरडले, “माझ्या सासूची जीभ घेऊन जा गे मारबत!”

पोरं लयीत होती, त्यांनी शब्द ऐकलेच नाहीत. सगळी एका सुरात ओरडली, “घेऊन जा गे मारबत!” मग मात्र त्यांना कळलं आणि सगळा प्लॉट माझ्याकडे वळून पाहायला लागला.

यजमान माझ्याशी घसा बसेपर्यंत भांडले. त्यांचा आवाज एवढा मोठा आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. “तिनं तुह्या भल्यासाठीच केलं ना!” हे वाक्य त्यांनी इतकं उगाळलं, की शेवटी मी कानात बोटं घातली. मी माफी मागितली नाही. सासूबाईंनी माझ्याशी बोलणं सोडलं. कामाचं असलं तर भिंतीला सांगायच्या.

आता संध्याकाळी मला कोणी हाक मारत नव्हतं. अर्धा तास काय, तासभर बसले असते तरी चाललं असतं. मी पाय धुऊन पलंगावर बसायची आणि कानात दिवसभरच्या शिव्या तशाच वाजत राहायच्या. हात मांडीवर असायचे. अंगठे आपले आपण हलायचे, डावीकडे, उजवीकडे.

एकदा सासूबाई दारात येऊन थांबल्या. बराच वेळ माझ्या हातांकडे पाहत राहिल्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

“हे काय करून राहिली वं?”

“बेडकं झेलून राहिली,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि दोन पावलं मागे सरकल्या. त्या घाबरल्या होत्या. मला खूप बरं वाटलं. बदक गेल्यापासून पहिल्यांदाच माझे खांदे खाली आले.