तिसरं नाव

“वाचलंत का?” म्हणत इनामदार साहेबांनी पेपर माझ्या टेबलावर टाकला.

पहिल्या पानावर त्यांचा फोटो होता. जळगावच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर, काळ्या कोटात, बोट वर केलेलं. खाली ठळक अक्षरात बातमी होती. मरता मरता सुकलालनं तिघांची नावं घेतली, ती नावं ऐकणारी परिचारिका आज साक्ष देणार, असं विशेष सरकारी वकिलांनी सांगितलं.

मी बातमी दोनदा वाचली. मग कपाटातून फाईल काढली.

“साहेब, सिस्टरच्या जबाबात दोनच नावं आहेत.”

“तिसऱ्याचं ओघात आलं असेल. कोर्टात बघू,” ते म्हणाले आणि गाऊन चढवायला लागले.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. मी तेव्हा सत्र न्यायालयात अतिरिक्त सरकारी वकील होते. एरंडोलकडच्या एका गावात बाजार समितीच्या निवडणुकीवरून सुकलाल नावाच्या कार्यकर्त्याचा खून झाला होता. आरोपी तीन. पहिले दोघं हल्ला करणारे. तिसरे तालुक्यातलं मोठं प्रस्थ, लोक त्यांना आण्णा म्हणायचे. त्यांच्या सांगण्यावरून हल्ला झाला आणि ते स्वतः तिथं हजर होते, असा पोलिसांचा आरोप. मोर्चे निघाले. स्थानिक वकिलांवर दबाव येईल, म्हणून सरकारनं बाहेरून विशेष सरकारी वकील नेमले. ते इनामदार साहेब. मी त्यांची मदतनीस.

माणूस हुशार होता, यात शंका नाही. कायदा तोंडपाठ, आवाज खणखणीत. पण आधी धुळ्याला चाललेल्या एका खटल्यात पेपरवाल्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं आणि ती चटक लागली होती. कोर्ट सुटलं की ते पायऱ्यांवर थांबायचे. वार्ताहर भोवती गोळा व्हायचे. उद्या काय होणार ते साहेब आजच सांगायचे.

आमचा सगळा भरवसा त्या सिस्टरवर होता. शकुंतला सोनवणे, गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स. सुकलालला जखमी अवस्थेत आधी त्यांच्याकडेच आणलं होतं. मरणाऱ्या माणसानं आपल्याला कुणी मारलं हे सांगितलं असेल, तर कायदा ते पुरावा मानतो. त्याला मृत्युपूर्व जबानी म्हणतात. ती तोंडी असली तरी चालते, पण ऐकणारा माणूस विश्वासाचा लागतो. सगळं त्या एका माणसावर उभं राहतं.

त्या दिवशी पुकारा झाला. सिस्टर आल्याच नाहीत.

हवालदार सांगत आला, “घराचं दार लावलेलं आहे. आतून आवाज येतो, पण कुणी उघडत नाही.”

जज्ज साहेब चष्म्यावरून आमच्याकडे बघत म्हणाले, “वॉरंट काढू का?”

साक्षीदाराला पोलिसांनी धरून आणलं की तो निम्मा हातचा गेलेला असतो. मी उठून पुढची तारीख मागितली. जज्ज साहेबांनी दिली. पायऱ्यांवर त्या दिवशीही वार्ताहर उभे होते. साक्षीदार का आली नाही, हे त्यांना हवं होतं. साहेब म्हणाले, “तिच्यावर दबाव आहे.” तेही छापून आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका महिला कॉन्स्टेबलला साध्या साडीत बरोबर घेऊन मी एसटीनं त्या गावी गेले. ओट्यावर सिस्टरांचे सासरे, आबा, बसले होते. मी ओळख सांगितली. आबांनी जागेवरून न उठता बघितलं.

“पेपरमा नाव नही छापं,” ते म्हणाले, “पन गावमा नर्स एकच शे ना.”

तेवढ्यात आतून सिस्टर आल्या. तिशीच्या आसपासच्या, सडपातळ, डोळे जागरणानं लाल. त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं. त्यांच्याकडून कळलं, की काल दोन माणसं मोटरसायकलवर येऊन घरापुढे उभी राहिली होती. काही बोलली नाहीत. नुसती उभी राहिली आणि गेली.

“त्यांना घाबरून नाही थांबले मी,” सिस्टर म्हणाल्या. “मॅडम, सुकलालभाऊंनी दोनच नावं घेतली. तिसरं मी ऐकलंच नाही.”

“मग दोनच सांगा.”

“साहेब पेपरात तीन म्हणाले. आता मी दोन सांगितली, तर लोक म्हणतील आण्णांनी हिला विकत घेतलं. सुकलालभाऊंची बायको लस टोचायला लेकरू घेऊन माझ्याकडेच येते. तिला कसं तोंड दाखवू? आणि तीन सांगितली, तर मी खोटी. मी काय करू?”

वकिलीत बरीच वर्षं गेली होती, पण साक्षीदाराची अशी कोंडी मी पहिल्यांदाच बघत होते. आणि ती कोंडी आरोपींनी केलेली नव्हती. आमच्याच बाजूनं केली होती.

शेवटी मी म्हणाले, “सिस्टर, पेपरात जे आलं त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही. ते आमचं काम. तुम्ही ऐकलं तेवढं सांगा. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.”

बाहेरून आबांनी सोबत यायची तयारी दाखवली, “जाय बेटा. मी येस ना संगे.”

जळगावला परतले तशी थेट रेस्ट हाऊसवर गेले. साहेब व्हरांड्यात चहा घेत होते. मी सगळं सांगितलं. तिसरं नाव सुकलालच्या भावानं पोलिसांना सांगितलं होतं, तेही अंदाजानं. साहेबांनी बोलता बोलता ते सिस्टरांच्या तोंडी घातलं होतं.

“मॅडम,” ते चिडून म्हणाले, “आण्णा सुटले तर या खटल्यात राहिलं काय?”

“दोन खुनी राहिले, साहेब. सिस्टर मोडल्या तर तेही राहणार नाहीत.”

त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता मला खटल्यातून काढतात. सरकारकडे एक फोन केला असता तरी पुरे होतं. पण ते म्हणाले, “तिचा सरतपास तुम्ही घ्या.”

सरतपास म्हणजे आपल्या साक्षीदाराला आपल्या वकिलानं विचारलेले प्रश्न. त्यानंतर समोरचा वकील विचारतो, तो उलटतपास. खरी परीक्षा तिथं असते.

तारखेला कोर्ट खच्चून भरलं होतं. सिस्टर पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. आबा मागच्या बाकावर, टोपी मांडीवर. मी साधे प्रश्न विचारले. जखमी शुद्धीवर होता का? होता. काय म्हणाला? सिस्टरांनी दोन नावं सांगितली आणि थांबल्या. मागं कुजबुज सुरू झाली. मी खाली बसले.

बचावाचे चौधरी वकील उठले. मुरलेला माणूस. त्यांनी खिशातून पेपरचं कात्रण काढलं.

“बाई, सरकारी वकील साहेब जाहीरपणे म्हणतात तीन नावं. तुम्ही म्हणता दोन. मग खोटं कोण बोलतंय? तुम्ही, की ते?”

पेपरचं कात्रण हा पुरावा होत नाही. एवढी हरकत घेतली असती तर प्रश्न रद्द झाला असता. मी उठतच होते, तेवढ्यात साहेबांनी हातानं मला थांबवलं आणि ते स्वतः उभे राहिले.

“हरकत घेत नाही, महाराज,” ते म्हणाले. त्यांचा नेहमीचा खणखणीत आवाज नव्हता. “उत्तर मी देतो. ते विधान माझं होतं. साक्षीदाराच्या जबाबात तिसरं नाव कधीच नव्हतं. मी चुकीचं बोललो. या बाईंचा त्याच्याशी संबंध नाही.”

चौधरी कात्रण हातात धरून उभेच राहिले. त्यांना हरकत अपेक्षित होती, कबुली नव्हती. जज्ज साहेबांनी शांतपणे विधानाची नोंद करून घेतली आणि म्हणाले, “खटला संपेपर्यंत दोन्ही बाजूंच्या वकिलांनी वार्ताहरांशी बोलू नये. ज्यांना बातमी हवी, त्यांनी आत येऊन बसावं. दार उघडंच असतं.”

उलटतपास आणखी बराच वेळ चालला. सिस्टर डगमगल्या नाहीत. शेवटी त्या पिंजऱ्यातून खाली उतरल्या. दाराशी सुकलालची बायको उभी होती. मी धास्तावले. ती पुढे आली आणि सिस्टरांचा हात धरून त्यांना बाकावर घेऊन गेली.

निकाल लागला. पहिल्या दोघांना जन्मठेप. आण्णांना संशयाचा फायदा मिळाला, ते सुटले. मला वाईट वाटलं, आजही वाटतं. पण निकालपत्रातला एक परिच्छेद मला विसरता येत नाही. जज्ज साहेबांनी लिहिलं होतं, की साक्षीदाराला पढवलेलं असतं तर सरकारी पक्षानं जाहीर केलेलं तिसरं नाव तिनं नक्की घेतलं असतं. ते घेण्यासाठी तिच्यावर सगळीकडून दडपण होतं. तिनं ते घेतलं नाही, म्हणून तिनं घेतलेल्या दोन नावांवर हे न्यायालय पूर्ण विश्वास ठेवतं. पुढे हायकोर्टातही ती शिक्षा टिकली.

जज्ज साहेबांच्या सूचनेचा आणखी एक परिणाम झाला. वार्ताहर खरंच आत येऊन बसायला लागले. पहिले काही दिवस कंटाळले, मग शिकले. त्यातला एक पुढे इतकं नेमकं लिहायचा, की सरतपास आणि उलटतपास यातला फरक मी माझ्या ज्युनियरना त्याची बातमी दाखवून समजावत असे.

मी नंतर जिल्ह्याची सरकारी वकील झाले. गाजलेले खटले आले, वार्ताहरांचे फोनही आले. मी सगळ्यांना एकच सांगायची, खटला चालू असताना सरकारी वकिलाला एकच श्रोता असतो, आणि तो समोर उंच खुर्चीवर बसलेला असतो. यामुळे माझा फोटो कधी पहिल्या पानावर आला नाही. साक्षीदार मात्र वेळेवर येत गेले.