फाट्यावर लावलेली गाडी

आमच्या शाळेत कुणाला नवी मोटारसायकल घ्यायची झाली की तो आधी माझ्याकडे येतो. जड घ्यावी की हलकी? मी दोन्ही चालवल्या आहेत, त्यामुळे या विषयावर मला तास घ्यायला आवडतो. जड गाडी हायवेवर कशी रस्ता धरून चालते, शेजारून ट्रक गेला तरी कशी डगमगत नाही, हे आधी सांगतो. मग हलकीची बाजू घेतो. ती बोळात वळते, चिखलात रुतली तर एकटा माणूस तिला ओढून काढतो, तिच्या मागे बाईमाणूस एका बाजूला पाय सोडून बसू शकते. शेवटी म्हणतो, "तुमाला जायचं कुठं हाय, त्याच्यावर हाय समदं." ऐकणारा मान हलवतो आणि बहुतेक वेळा आपल्या मेहुण्याने सांगितलेली गाडी घेतो. एवढे बोलूनही या तासाला मी माझ्या अक्काचे नाव काढत नाही.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमचे घर ताडकळसला, तिला दिली पालमकडे. तिचे घर गावात नाही, शेतातल्या आखाड्यावर आहे. आमच्या भागात शेतातल्या घराला आखाडा म्हणतात, तिथे कुस्त्या होत नाहीत. डांबरी रस्त्यावर फाटा, फाट्यावर चहाची टपरी, आणि तिथून आत दीडेक किलोमीटर पांदण, म्हणजे दोन्हीकडच्या शेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट. उन्हाळ्यात फुफाटा, श्रावणात काळ्या मातीचा चिखल. हा चिखल चाकाबरोबर वर चढतो, मडगार्डमध्ये जाऊन बसतो आणि मग चाक फिरायचेच बंद होते.

पंचमीला लेकीने माहेरी यायचे आणि तिला आणायला भावाने जायचे, ही आमच्याकडची रीत. आणायला जातो तो मुराळी. मुराळी दारात आला की त्याच्या पायांवर पाणी, मग पाट, मग जेवण, आणि त्यानंतरच लेक खुंटीला टांगलेली पिशवी उचलणार. वडील थकले तेव्हापासून मुराळी मीच. माझ्याकडे तेव्हा शंभर सीसीची एक हडकुळी गाडी होती. तिच्या सीटखाली मी पळसाची एक काडी खोचून ठेवायचो, मडगार्डमधला चिखल उकरायला. पांदणीत दर शंभर-दोनशे पावलांवर उतरायचे, उकरायचे, पुन्हा चढायचे. परत येताना अक्का चपला हातात घेऊन शेजारून चालायची आणि मला हसायची. "मास्तर, शाळंतली पोरं बघतील की रं," म्हणायची. डांबरीवर आलो की माझ्या खांद्यावर उजवा हात ठेवून, डाव्या हाताने मांडीवर पिशवी धरून ती एका बाजूला बसायची. नीट बसली की खांद्यावर दोनदा थापटायची. तेवढ्यावर मी गिअर टाकायचो.

आणि मग ती बोलायची. तिचे तोंड माझ्या कानाशी यायचे, त्यामुळे ओरडावे लागायचे नाही. सासरी काय झाले, दाजी काय बोलले, कुठली गोष्ट मनाला लागली, सगळे ताडकळस येईपर्यंत. घरात शिरली की गप्प. एकदा मी विचारले, एवढे सगळे आईला का सांगत नाहीस? म्हणाली, "तिथं बी मानसं, हितं बी मानसं. गाडीवर आपुन दोघंच असतो." मी हसण्यावारी नेले. वर्षातून हे दोन फेरेच तिच्या वाट्याला येत होते, एक येण्याचा आणि एक जाण्याचा, हे माझ्या टाळक्यात कधी शिरलेच नाही.

पन्नाशी ओलांडल्यावर मला मोठ्या गाडीचे वेड लागले. परभणीच्या चार-सहा मित्रांचा लांब फिरायला जाणारा एक गट होता, त्यांच्या नादाने मीही घेतली. दोनशे किलोच्या वर वजन, छातीएवढी टाकी, पुढे काच, मागे दोन्ही अंगांना कुलपाच्या पत्र्याच्या पेट्या. बायकोने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "ही गाडी हाय का म्हैस?" आमच्या बोळात तिला मागे घ्यायची तर दोन माणसे लागायची. पण खोटे कशाला बोलू, मला ती फार आवडायची. कोकणात उतरताना, घाटातल्या वळणांवर ती अशी चालायची की पोटातले पाणी हलत नसे. हलक्या गाडीवर जिंतूरला जाऊन आलो तरी पाठ धरायची, हिच्यावर दिवसभर बसलो तरी संध्याकाळी मी ताजा. जुनी हडकुळी मी त्याच महिन्यात काढून टाकली.

त्या श्रावणात पंचमीच्या आदल्या दिवशी मी मोठ्या गाडीवर मुराळी म्हणून निघालो. रात्री पाऊस झाला होता. फाट्यावर थांबून पांदणीकडे बघितले आणि कळले की ही गाडी आत घातली तर बैल आणून बाहेर काढावी लागेल. तोवर टपरीवरची माणसे गाडीभोवती जमली होती. "मास्तर, ॲव्हरेज किती देती?" "वजन किती हाय हो?" "लय भारी दिसायलीय." मी अक्काला फोन लावला.

"अक्का, मी फाट्यावर हाय. गाडी आत येत न्हाई. तूच ये ना हिकडं."

ती म्हणाली, "बरं."

ती आली तेव्हा पोटऱ्यांपर्यंत चिखल होता. चपला एका हातात, पिशवी खांद्यावर, नव्या लुगड्याचा काठ वर खोचलेला. टपरीच्या रांजणातले पाणी घेऊन तिने स्वतःच पाय धुतले. पिशवी मी ऐटीत पेटीत ठेवली आणि कुलूप लावून दाखवले. मग तिने नेहमीसारखा खांद्यावर हात ठेवून चढायचा प्रयत्न केला. सीट तिच्या कमरेच्या वर, आणि जिथे पाय सोडायचे तिथे पत्र्याची पेटी. दोनदा प्रयत्न झाला. माणसे बघत होती.

"एक पाय हिकडून टाक," मी म्हणालो. "पोरी बसत्यात तसं."

"येवढ्या मानसांत, या वयात?" ती हळूच म्हणाली.

"त्यात काय हाय? समदं जग बसायलंय."

माझा आवाज चढला होता. ती माझ्याकडे बघत राहिली. राग असता तर मी भांडलो असतो, पण ती नुसती बघत होती. तेवढ्यात ताडकळसकडे जाणारी एसटी आली. "तू हो पुढं, मी येष्टीनं येते," म्हणाली आणि हात करून तिने बस थांबवली.

थोडा वेळ मी बसच्या मागे चाललो. खिडकीत तिचे डोके दिसत होते. मग बसचा धूर सोसवेना म्हणून मी पुढे निघून गेलो. घरी पोहोचून चहा झाला तरी ती आली नव्हती. तिला घ्यायला बायको स्टँडवर गेली. वाटेत शेजारणीने विचारले म्हणे, "मुराळी न्हाई आला का आनायला?" अक्का म्हणाली, "आला हाय की. पुढं गेलाय."

पुढच्या वर्षी पंचमीआधी तिचाच फोन आला. यंदा येऊ नको, सोयाबीनचं खुरपण निघालंय. त्याच्या पुढच्या वर्षी गुडघे दुखत होते. मी दोन्ही वेळा ऐकून घेतले आणि लाजच वाटते सांगायला, सुट्टी मोकळी मिळाली म्हणून त्या दुसऱ्या वर्षी गटाबरोबर गोव्याला गेलो. तिथून तिला समुद्राचे फोटो पाठवले.

मग एकदा अक्काची सून बाजाराला आली ती आमच्याकडे टेकली. बोलता बोलता त्या दिवसाचा विषय निघाला. सासूला ती आत्याबाई म्हणते. म्हणाली, "मामा, तुमाला ठाऊक न्हाई का? त्या दिशी आत्याबाईंनी पाटंचं उठून पुरन शिजवलं हुतं. येळवणीची आमटी, भजी, कुरडया. पाट मांडलेला, दारात पान्याचा तांब्या भरून ठिवलेला. तुमचा फोन आला. मला म्हनल्या, झाकून ठिव, पोरं खातील."

त्या दिवशी अक्का आमच्या घरी दुपारी तीनला जेवली होती. वाढताना बायकोने विचारलेही होते की उपाशी निघालीस का, आणि ती म्हणाली होती, भूकच नव्हती.

मी मोठी गाडी विकली. जुन्या हडकुळीसारखीच एक वापरलेली हलकी गाडी शोधून काढली, सीटखाली पळसाची काडी खोचली, आणि पुढच्या पंचमीला कुणाला न सांगता निघालो. पांदणीत पाच वेळा उतरून चिखल उकरला. आखाड्याच्या दारात गाडी उभी केली तेव्हा अक्का बाजेवर बसली होती. काठीला धरून उठली. सून पुढे आली तर तिला बाजूला सारून पाण्याचा तांब्या तिने स्वतः घेतला.

पाट मिळाला, पाणी मिळाले. मग मी माझा तास सुरू केला. म्हणालो, अक्का, ती गाडीच चुकीची होती. आपल्या मातीत चालणारी गाडीच नव्हे ती. वजन किती, उंची किती, त्या पेट्या, बाईमाणसानं बसायची सोयच नाही. चिखल नसता तर मी आलोच असतो दारात. आता ही बघ, हलकी आणलीय. आता तुला बसता येईल.

तिने सगळे ऐकून घेतले. मग साध्या आवाजात म्हणाली, "गाडीचं काय घिऊन बसलास, भाऊ. गाडी फाट्यावर लावून पायी आला असतास."

दीड किलोमीटर म्हणजे वीस-पंचवीस मिनिटे. टपरीवाला ओळखीचा होता, त्याने गाडी सांभाळली असती. मी पाटावर बसून जेवलो असतो, दोघे हसत चिखलातून परत आलो असतो, आणि गाडी तिथेच सोडून एसटीत शेजारी शेजारी बसलो असतो तरी चालले असते. ती एकटी चिखल तुडवत येत होती तेव्हा मी टपरीवर दोन कप चहा प्यायलो होतो. दहा जणांना ॲव्हरेज सांगितले होते. एकाला सीटवर बसवून त्याचा फोटोसुद्धा काढून दिला होता. चिखल आणि वजन ही कारणे मी नंतर जुळवली. खरे हे की मला त्या माणसांतून हलायचे नव्हते.

"चल मग आता," मी म्हणालो. "आज चल."

"आता गुडघं न्हाई ऐकत. कोनत्याच गाडीवर बसवत न्हाई."

"जीप करतो. दारापर्यंत आनतो."

ती हसली. "जीपमधी डायवर असतो, भाऊ. काय बोलावं?"

त्या पंचमीला मी एकटाच परतलो, आणि त्यानंतरच्या प्रत्येक पंचमीला एकटाच परततो. जायचे मात्र चुकवत नाही. हलकी गाडी तिच्या दारापर्यंत जाते, तरी मी ती फाट्यावरच लावतो. टपरीवरची माणसे विचारतात, "मास्तर, ही तर जाती की आत?" मी म्हणतो, जाते, आणि चपला हातात घेऊन चालू लागतो. अक्का माझ्या चिखलाच्या पायांवर पाणी घालते, सुनेला पाट मांडायला लावते, समोर बसून वाढायला सांगते. जेवण झाले की मी उठतो. जिथे तिची पिशवी भरून टांगलेली असायची त्या खुंटीकडे मी बघत नाही.