टाच मोकळी, जीव टांगणीला

चहा हातात आहे तोवर हसून घ्या, कारण पुढे मी भयंकर घाबरणार आहे.

मॉन्ट्रियलमधला माझा तिसरा विंटर. यंदा डोंगरात एकट्याने स्की करायचीच, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. आमचे लेलेकाका म्हणजे रिटायर्ड इंजिनियर, वय सत्तर. एकदा सहज म्हणाले, "अरे, मला नव्या स्की घ्यायच्यात. डोंगरात लांबवर चालता यायला हवं आणि उतारावर वळताही. जरा कंपेअर करून दे."

मला तेवढंच हवं होतं. मी स्की केलेली फक्त पार्कातल्या सपाटीवर, पण एक्सेलमध्ये माझा हात कोण धरणार? वजन, लांबी, रुंदी, कडेची स्टीलची पट्टी, सगळे रकाने भरले. अरुंद जोडी चालायला बरी, रुंद जोडी वळायला. शनिवारी दोन्ही भाड्याने आणल्या. रुंद काकांना, अरुंद मला.

निघताना काकूंनी बजावलं, "हातपाय मोडून घेऊ नका रे."

"काकू, मी आहे ना," मी म्हणालो. हे लक्षात ठेवा.

चढ छान पार पडला. वरून उतार बघितला, मग पायांकडे बघितलं. दोघांच्याही पायांची फक्त बोटं स्कीला अडकवलेली, टाच मोकळी. चालताना ठीक होतं, पण असं खाली जायचं? टाचेचा रकाना मी केलाच नव्हता.

"काका, टाच सुटी आहे. स्की काढून चालत उतरू."

"चालत कशाला?" म्हणाले आणि निघालेसुद्धा.

थोडं पुढे जातात तोच त्यांचा उजवा गुडघा वाकला, टाच वर आली. गेले. काका पडले, म्हटलं. कसेबसे सावरले, तर डावा गुडघा. पुन्हा उजवा. मला दरदरून घाम फुटला. सत्तरीतलं ते खुब्याचं हाड. काकूंना काय तोंड दाखवू?

"काका, खाली बसा," असं ओरडत मी वाचवायला निघालो. स्की कसली थांबतेय? वळायचं ज्ञान तक्त्यात होतं, पायांत नव्हतं. डोळे मिटले, आईला हाक मारली. शेवटी एका झाडाने मला अडवलं.

काका खालून शांतपणे चढत आले. "लागलं का रे?"

"तुम्ही दर वळणाला पडत होतात," मी कण्हत म्हणालो.

"पडत? अरे, टाच मोकळी असली की गुडघा वाकवूनच वळतात. तीस वर्षं असाच वळतोय मी."

सुजलेला घोटा घेऊन, काकांच्या खांद्यावर हात टाकून मी त्यांच्या दारात उभा राहिलो. काकूंनी बर्फाची पिशवी आधीच काढून ठेवली होती.

"काकू, काकांना स्की येते हे सांगायचं तरी."

"येते म्हणजे? बेसमेंटमध्ये चार जोड्या पडल्यात," काकू म्हणाल्या. "तू एकटा जाणार हे ऐकलं आणि मला धास्तीच बसली. म्हणून तर ह्यांना तुझ्याबरोबर पाठवलं."